जतच्या पूर्वेकडची पहिली, नवं धोरण आणि आम्ही दोघं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं २९ जुलै २०२० ला, आणि आमच्या पहिलीच्या वर्गात ते खरोखर पोचलं २०२५ च्या जूनमध्ये. मधली पाच वर्षं ते आमच्याकडं लिंकच्या रूपात येत होतं. आधी निष्ठाचे, म्हणजे शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स, दीक्षा ॲपवर मॉड्यूल पूर्ण करा आणि प्रमाणपत्र ग्रुपवर टाका, मग ५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी गणितं आली पाहिजेत असं ध्येय, त्याचे तक्ते भिंतीला लागले, फोटो गेले. पण पुस्तक जुनंच आणि वेळापत्रकही जुनंच. गावात कुणी विचारलं, मॅडम ते नवं धोरण आलंय म्हणं, की मी आलंय आलंय म्हणायची आणि पोषण आहाराचं रजिस्टर भरायला बसायची.

आमची शाळा जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथून सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडतं तिकडं. पहिली ते चौथी, पट तिसाच्या आत, शिक्षक दोन, मी आणि सर. मुख्याध्यापकाचा चार्ज सरांकडं. माध्यम मराठी. पोरांच्या घरची भाषा मात्र बहुतेक ठिकाणी कन्नड, वस्तीवरची धनगरांची चार-पाच घरं सोडली तर. मी मूळची वाळवा तालुक्यातली, बदलीत जत मिळालं तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता, आता बाजारापुरतं येतं आणि पोरं हसतात तेवढं येतं.

आता हे ऐकून लोक पटकन म्हणतात की मग कन्नड माध्यमाच्या शाळेत का घालत नाहीत. जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, आमच्यापासून थोड्या अंतरावर एक आहेच. पण आईबापांनी विचार करून मराठीत घातलंय. तलाठ्याकडचं काम मराठीत, पुढं कॉलेजला जायचं तर जत नाहीतर सांगली, भरतीची जाहिरात मराठीत. एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "बाई, कन्नड तर घरात फुकट येतंय की, शाळेत ते शिकायला कशाला पाठवायचं." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून पण नाही.

म्हणून धोरणाचं मराठी भाषांतर पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला बरं वाटलेलं, खोटं कशाला सांगू. त्यात स्पष्ट लिहिलंय की किमान पाचवीपर्यंत, आणि जमलं तर आठवीपर्यंत आणि पुढंही, शक्य असेल तिथं घरच्या भाषेतून शिकवा, आणि ज्या पोरांची घरची भाषा आणि शाळेचं माध्यम वेगळं आहे त्यांच्यासाठी दोन्ही भाषा वापरा, दोन्ही भाषांतलं साहित्य वापरा. म्हणजे आमच्याच शाळेत बसून कुणीतरी लिहिल्यासारखं. मी ते सरांना वाचून दाखवलं, सर म्हणाले, "चांगलंय, साहित्य कधी येणार तेवढं बघा."

प्रशिक्षण तालुक्याला झालं. एक हॉल, प्रोजेक्टर, दुपारनंतर लाईट गेली की चर्चा. ५+३+३+४ चा आकृतिबंध, अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पायाभूत स्तर, पंचकोश (शरीर, प्राण, मन, बुद्धी, आनंद असा पोराचा पाच अंगांनी विकास), अध्ययन निष्पत्ती (पोराला काय यायला पाहिजे त्याची यादी), समग्र प्रगती पत्रक. पंचकोशावर बराच वेळ गेला. मी उठून विचारलं की आमच्या वर्गातल्या आठपैकी सहा पोरांना मराठी कळत नाही, त्यांच्यासाठी दोन भाषांत नेमकं कसं करायचं, तर शिकवणारे सर, ते पण आमच्यातलेच एक शिक्षक, बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले वर कळवतो. त्यांचा दोष नाही, त्यांना वरून जी पीपीटी आली तीच ते दाखवणार. पण चहाच्या वेळी उमदी, संखकडचे आणखी शिक्षक माझ्याभोवती गोळा झाले आणि सगळ्यांचा प्रश्न हाच निघाला. त्या चहातनंच आमचा एक छोटा ग्रुप झाला, त्याचं पुढं सांगते.

मग जून आला. १६ एप्रिलच्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, पहिलीपासून हिंदी सक्तीची केली होती, त्यावर राज्यभर गदारोळ चालू होता तो तुम्हाला माहितीच आहे. आमची शाळा उघडली १६ जूनला. १७ जूनला नवा जीआर, की हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा राहील, हिंदीऐवजी वेगळी भाषा पाहिजे असेल तर वर्गात किमान वीस पोरांनी मागितली पाहिजे. आमच्या अख्ख्या शाळेचा पट तीसच्या आत, त्यात पहिलीत आठ. सर म्हणाले, "वीस आणायची कुठनं, शेजारच्या गावातनं उसनी?" आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द, आणि भाषेचं काय करायचं ते बघायला डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. म्हणजे शाळा सुरू झाल्यापासून दोन आठवडे आम्हाला पहिलीचं वेळापत्रक पक्कं करता येईना. टीव्हीवर वाद चालला होता मराठी विरुद्ध हिंदी, आणि इथं माझ्या वर्गात बसलेल्या पोरीची घरची भाषा कन्नड, शाळेची मराठी, इंग्रजी तर राज्यात २००० पासून पहिलीलाच आहे, म्हणजे हिंदी आली असती तर ती चौथी. सहा वर्षाचं पोरगं. कुठल्याच बाजूच्या भाषणात हे पोरगं मला काय दिसलं नाही.

वर्ग सुरू झाल्यावर पहिले तीन महिने विद्या प्रवेश, म्हणजे खेळातून तयारी. कल्पना मला मनापासून आवडते. पण ती कागदावर लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक वर्ग आणि एक शिक्षक असतो. माझ्याकडं एका खोलीत पहिली आणि दुसरी, पलीकडं सरांकडं तिसरी-चौथी. पहिलीची पोरं बिया वेगळ्या करायच्या खेळात रंगली की दुसरीची पाटी खाली ठेवून तिकडं सरकतात, आणि सर टपाल घेऊन तालुक्याला गेले (आमच्यात ऑनलाइन माहितीला पण टपालच म्हणतात) की चारी वर्ग माझ्यापुढं. त्या दिवशी मग गाणी.

पालकांचं वेगळंच. एक वडील जुलैत आले, गाडीवरनं उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"मॅडमरी, पोरगं घरात पण खेळतंय, शाळेत पण खेळतंय. मग पाठवायचं कशाला?"

म्हणलं, "दादा, आत या, बसा थोडा वेळ."

"त्या व्हॅनच्या शाळंतलं भावाचं पोरगं एबीसीडी लिव्हतंय पूर्ण."

बसले. पोरं चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मोजत होती, त्यांचंच पोरगं तीन ढीग आणि वर चार म्हणजे चौतीस म्हणालं, कन्नडमध्ये. ते बघून माणूस जरा मऊ झाला. जाताना म्हणाला, "चांगलं हाय. पण एबीसीडी पण घ्या की." घेतली. काय करणार, दुसऱ्या एका घरची पोरगी तोवर त्या व्हॅनमध्ये बसली होती आणि पट एकनं कमी झाला होता, आणि दोनशिक्षकी शाळेत पट कमी होणं म्हणजे काय ते शिक्षकालाच विचारा, संच मान्यतेच्या वेळी, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षक किती ते ठरतं तेव्हा, पोटात गोळा येतो.

आता दोन भाषांचं. वरून काय आलं नाही. येईल असं वाटत पण नव्हतं. त्या चहावाल्या ग्रुपमधल्या एक मॅडम कन्नड शाळेत आहेत, त्यांनी त्यांच्याकडची पहिलीची जुनी पुस्तकं पाठवली. मला ती वाचता येईनात, पण चित्रं येतात की. चित्रं कापून बेदाण्याच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर चिकटवली, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला कन्नड शब्द देवनागरीत, तो मला चौथीतली पोरं सांगायची. खिचडी शिजवणाऱ्या अक्का आमच्या खऱ्या भाषातज्ञ. त्या तांदूळ निवडत दारात बसायच्या, मी चित्र दाखवायचे, पहिलीची पोरं कन्नडमध्ये सांगायची, अक्का मान डोलवायच्या म्हणजे बरोबर, मग आम्ही मराठीत म्हणायचो. गोष्ट असली की आधी अक्का कन्नडमध्ये सांगणार, मग मी मराठीत. पोरांना गोष्ट आधीच माहिती असल्यामुळं मराठीतली गोष्ट ऐकताना त्यांचं लक्ष शब्दांकडं जायचं, पुढं काय होणार ह्याच्याकडं नाही. हा फरक मला स्वतःला फार उशिरानं कुठंतरी ऑगस्टमध्ये दिसला, तोवर मी नुसतीच हातवारे करत होते असं म्हणलं तरी चालेल. आधीच्या वर्षांच्या मानानं ह्या बॅचनं तोंड खूप लवकर उघडलं.

ह्यात एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, अक्कांचं मानधन स्वयंपाकाचं आहे आणि ते किती असतं ते सगळ्यांना माहितीय. कन्नड-मराठी शिकवायचं त्यांना कोण एक रुपया देत नाही. अंगणवाडी सेविकाताई पण कन्नडवाल्या, धोरणात त्यांचा वर्ग आणि माझी पहिली-दुसरी एकाच पायाभूत स्तरात आहेत, पण त्यांचं खातं महिला व बालविकास, आमचं शालेय शिक्षण, त्यांचं प्रशिक्षण वेगळं, आमचं वेगळं, दोघींना एकत्र बसवून कुणी कधी काही सांगितलं नाही. भिंत एकच आहे आमची. त्यांच्याकडं बघावं तर त्या पोषण ट्रॅकर ॲपवर आईचा चेहरा ओळखायला लावत उन्हात उभ्या. तरी त्यांनी मला कन्नड बडबडगीतं रेकॉर्ड करून दिली, ती अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत.

मग पडताळणी. निपुण स्तर बघायला बाहेरून साहेब आले, माणूस चांगला, घाईत नव्हता. पोराला मराठीत विचारलं, पोरगं गप्प. परत विचारलं, गप्प. साहेबांनी पेन टेकवला. मी म्हणलं सर, कन्नडमध्ये विचारू का. ते म्हणाले मला येत नाही. तेवढ्यात दारातनं अक्कांनीच विचारलं आणि पोरानं तेरातनं पाच गेले तर किती ते बोटं न मोजता सांगितलं. साहेब हसले, मी पण. मग म्हणाले, "मॅडम, गणिताला देतो, पण भाषेच्या रकान्यात काय लिहू? मराठी वाचन आहे तिथं." खरंच होतं त्यांचं, रकान्यात तेच होतं. घरची भाषा कोणती असा रकाना त्या फॉर्ममध्ये कुठंच नव्हता. जे धोरण घरच्या भाषेवर एवढं जोर देतं त्याच्याच तपासणीचा फॉर्म पोराची घरची भाषा विचारत नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी मराठीचा गंध नसलेलं पोरगं आणि घरात मराठी बोलणारं पोरगं एकाच रांगेत उभं राहतं, आणि मग केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या यादीत आमची शाळा खाली दिसते. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत ती यादी स्क्रीनवर लावतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र शिकवण्यात गेलाच नाही, तो गेला अपार आयडीत. एक देश एक विद्यार्थी आयडी, कल्पना वाईट नाही, पोरगं शाळा बदलून गेलं तर माहिती त्याच्यामागं जाईल, आमच्यासारख्या स्थलांतराच्या भागाला तर ते उपयोगाचंच. पण त्यासाठी आधारवरचं नाव आणि शाळेच्या नोंदीतलं नाव जुळलं पाहिजे. आता आमच्याकडं काय होतं बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, माहेर इंडी तालुक्यात नाहीतर विजापूरला, म्हणजे जन्मदाखला कर्नाटकातला. लहानपणीच आधार काढलं ते पण तिकडंच, त्यावर पोराचं नाव आणि बापाचं नाव, आडनाव नाही. आमच्या जनरल रजिस्टरला पोराचं, बापाचं, आडनाव असं पूर्ण. इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडं वेगळं. झालं, जुळत नाही. रजिस्टरला बदलायचं तर पुरावा पाहिजे, पुरावा आहे तो कन्नडमध्ये. आधारवर बदलायचं तर जन्मदाखल्यात आधी आडनाव पाहिजे, तो दुसऱ्या राज्यात. आणि पाच वर्षं पूर्ण झाली की पोराच्या बोटांचे ठसे आधारला नव्यानं द्यावे लागतात, ते पण बहुतेकांचे राहिलेले, त्यासाठी जतला जायचं, केंद्रावर नंबर लागेल न लागेल, बाईची दिवसाची मजुरी बुडाली.

एक आई तीनदा तरी जाऊन आली. तिसऱ्या वेळी मला म्हणाली, "बाईरी, पोरगं माझं हाय एवढं तुम्हीच लिहून द्या की." आणि इकडं ग्रुपवर संध्याकाळी मेसेज, आजच्या आज शंभर टक्के, प्रलंबित शाळांची यादी सोबत. पालकांचं संमतीपत्र लागतं त्यासाठी, म्हणजे नियमानं पालक नाही पण म्हणू शकतो, पण ज्या कामाची रोज शंभर टक्क्यांची यादी निघते तिथं नाही म्हणायची सोय कुणाला असते ते मला कळलेलं नाही.

गंमत अशी की ह्याच धोरणात लिहिलंय की शिक्षकांना शिकवण्याशी संबंध नसलेली कामं देऊ नयेत, किचकट प्रशासकीय काम तर नकोच, आणि माध्यान्ह भोजनात पण ठराविक वेळेपेक्षा जास्त अडकवू नये. मी ते पान मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे पण आहेत, त्यांना दाखवलं की ते नुसते बघतात. बीएलओचं काम निवडणुकीचं, शिक्षण हक्क कायद्यात निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ह्यांना सूटच आहे, त्यामुळं तिथं बोलायला पण जागा नाही.

आणि १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त राहिली असेल तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हा. आम्ही टीईटीच्या आधीच्या भरतीतले, त्यामुळं आम्ही दोघंही त्यात. दिवसा पोरांना खेळातून शिकवायचं आणि रात्री बालमानसशास्त्राचे चार पर्यायांचे प्रश्न पाठ करायचे. जास्त बोलत नाही त्यावर.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. पहिलीतली दोन पोरं आईबापासोबत गेली, एक कोल्हापूरकडच्या कारखान्याला, एक कर्नाटकात. आजीपाशी ठेवा म्हणून घरी गेलो होतो, पण एका घरी आजीच टोळीत चाललेली. नव्या समग्र प्रगती पत्रकात नुसते मार्क नसतात, पोरानं स्वतःबद्दल सांगायचं, सोबत्यानं सांगायचं, पालकांनी सांगायचं. चांगला प्रकार आहे, पोरं एकमेकांबद्दल जे सांगतात ते ऐकून मला वर्गातल्या दोन भांडणांची कारणं कळली. पण टोळीत गेलेल्या पोराचा पालकाचा रकाना कसा भरायचा? रात्री आठनंतर फोन केला, तेव्हाच लागतो. आई म्हणाली पोरगं कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) उसाच्या मोळ्या मोजतंय, दहा झाल्या की दगड ठेवतंय. ते तसंच्या तसं लिहिलं. कन्नडमध्येच बोलली ती, निम्मं मला कळलं, निम्मं अक्कांनी दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं. दुसऱ्या पोराच्या बापाचा फोन लागलाच नाही, त्या पत्रकात तो रकाना मोकळा आहे. मोकळा का म्हणून विचारणा झाली, मी कारण लिहून दिलं, आता बघू.

एप्रिलच्या त्या, पुढं रद्द झालेल्या जीआरमध्ये नव्या अभ्यासक्रमाचे पुढचे टप्पे दिले होते, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. मोठ्या शाळेत एकेका वर्गाला एकेक शिक्षक, ते आपापलं बघतील. ते तसेच राहिले तर आमच्याकडं ह्याचा अर्थ दोन माणसांनी तीन नवे वर्ग एकाच जूनमध्ये उचलायचे, आणि पहिली आहेच. तयारी म्हणाल तर कन्नड शाळेतल्या मॅडम आणि मी, आम्ही दुसरीची कार्डं सुट्टीत करायचं ठरवलंय. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बेदाण्याचं शेड चालवतात, पुठ्ठ्यांचा प्रश्न नाही.

प्रश्न बदल्यांचा आहे. माझी इथली वर्षं भरत आलीत, यादीत नाव लागू शकतं, आणि घर, सासू, पोराची दहावी सगळं तिकडं वाळव्यात, त्यामुळं मिळाली तर मी नाही म्हणणार नाही. माझ्या जागी येणारा शिक्षक शिराळ्याचा असेल नाहीतर पलूसचा, आणि पोरांची भाषा कोणती हे त्याच्या आदेशावर लिहिलेलं नसणार, जसं माझ्या आदेशावर नव्हतं. मी सरांना सांगून ठेवलंय की कार्डांची पेटी ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत चढवा. त्यांनी विचारलं किंमत काय लिहू. मी म्हणलं शून्य लिहा, पण चढवा.